पार्श्वभूमी : एमडीचं व्यसन घरच्यांना उशिरा का कळतं?

फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांचा तपास पुणे जिल्ह्यातल्या कुरकुंभच्या रासायनिक कारखान्यावरून सांगलीजवळच्या कुपवाडपर्यंत आला आणि तिथे मेफेड्रोनचा, म्हणजे एमडी या अमली पदार्थाचा साठा सापडला. पुढच्याच महिन्यात मुंबई गुन्हे शाखेने कवठेमहांकाळ तालुक्यातल्या इरळीत चालणारा कारखाना पकडला. जानेवारी २०२५ मध्ये विट्याजवळ कार्वे एमआयडीसीत आणखी एक. बातम्यांत किलो आणि कोटी मोजले गेले. पण ही पूड ओढणारा मुलगा घरात कसा दिसतो, हे आईबापांना फारसं कुणी सांगितलं नाही.

आपल्या गावांना व्यसन म्हटलं की दारू माहीत. तोंडाला वास, तोल जाणं, जीभ जड होणं. एमडीत यातलं काहीच नाही. पोरगं उलट तरतरीत दिसतं, रात्रभर जागतं, भराभर बोलतं, जेवण कमी झाल्यानं बारीक होतं. ‘कामाला लागलंय’ म्हणून घरात समाधान वाटतं, आणि पहिले कित्येक महिने तिथेच हातचे जातात.

ही फसगत जुनी आहे. मेफेड्रोनचं जवळचं नात्यातलं रसायन म्हणजे मेथॅम्फेटामाइन, थोडक्यात ‘मेथ’. ते १८९३ मध्ये जपानच्या नागाई नागायोशी यांनी इफेड्रिनपासून बनवलं. १९१९ मध्ये अकिरा ओगाता यांनी त्याचे स्फटिक मिळवले. १९३८ मध्ये जर्मनीत ‘पर्व्हिटिन’ या नावाने त्याच्या गोळ्या दुकानात आल्या आणि दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना वाटल्या गेल्या. जपानमध्ये तेच ‘हिरोपॉन’ या नावाने सैनिकांप्रमाणे कारखान्यातल्या कामगारांनाही मिळत होतं. थकवा घालवणारं, काम वाढवणारं औषध अशीच त्याची ओळख होती. युद्ध संपल्यावर उरलेला साठा बाजारात आला, व्यसनाची लाट उसळली आणि १९५१ मध्ये जपानला स्वतंत्र कायदा करावा लागला. मेफेड्रोन १९२९ मध्येच तयार झालं होतं, पण नशेच्या बाजारात आलं ते एकविसाव्या शतकात. भारतात ते एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आलं फेब्रुवारी २०१५ मध्ये.

दोन्ही रसायनं मेंदूत डोपामिनचा, म्हणजे आनंदाची भावना देणाऱ्या द्रव्याचा पूर आणतात. मेथचा अंमल बराच वेळ टिकतो. एमडीचा दोन-तीन तासांत उतरतो, म्हणून पुन्हा पुन्हा घेतली जाते. डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारलेल्या, जबडा आवळलेला, दात खाणं, घाम, छातीत धडधड, नाकातून ओढणाऱ्याला घोळणा फुटणं ही अंमलात असतानाची चिन्हं. अंमल उतरला की दोन-दोन दिवस झोप, चिडचिड, कमालीची उदासी. या उदासीकडे मी सगळ्यात आधी बघायला सांगेन, कारण आत्महत्येचे विचार अशाच वेळी डोकं वर काढतात.

पुढे संशय सुरू होतो. कुणीतरी पाळत ठेवतंय, मित्र उलटलेत, भिंतीपलीकडे बोलतायत. मेथ घेणाऱ्यांना कातडीखाली किडे वळवळल्यासारखे वाटतात आणि ते अंग ओरबाडतात. त्यांचे दातही झपाट्याने किडतात. या टप्प्यावर घरचे बाहेरचं काही लागलं म्हणून देवऋषाकडे नेतात. नेऊ नये. हा मेंदूवर झालेला परिणाम आहे, त्याला मानसोपचारतज्ज्ञ लागतो. आणि छातीत दुखणं, झटके, अंग भाजेल इतका ताप किंवा बेभान अवस्था असेल तर सकाळची वाट न पाहता जवळच्या मोठ्या रुग्णालयाची तातडीची खोली गाठायची. काय घेतलं हे डॉक्टरांना खरं सांगायचं.

ऐंशीच्या दशकात गर्दने, म्हणजे ब्राउन शुगरने मुंबई-पुण्यातली घरं पोखरली, तेव्हा १९८६ मध्ये पुण्यात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं. साताऱ्यात नरेंद्र दाभोलकरांच्या पुढाकाराने ‘परिवर्तन’ या व्यसनमुक्ती संस्थेचं काम सुरू झालं. उपचाराची वाट आपल्या भागात त्यामुळे नवी नाही. गर्दसारख्या नशेवर पर्यायी औषध देता येतं, तसं मेथ किंवा एमडीवर अजून नाही. समुपदेशन, नियमित तपासणी आणि घरच्यांची साथ यांवरच भर असतो. नशा सुटल्यावर मेंदू सावरायला कित्येक महिने लागतात, त्यामुळे महिनाभरात ‘अजून तसाच आहे’ म्हणून हात टेकू नयेत.

पोलिसांच्या भीतीने अनेक कुटुंबं गप्प बसतात. एनडीपीएस कायद्याच्या ६४-अ कलमानुसार, सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा गुन्हा दाखल झालेली व्यसनी व्यक्ती स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेत असेल, तर तिला त्या खटल्यातून संरक्षण मिळतं. उपचार अर्धवट सोडले तर ते काढून घेता येतं. केंद्र सरकारची १४४४६ ही व्यसनमुक्ती हेल्पलाइन मोफत आहे, आणि तिथे घरचेही फोन करू शकतात.