कोंबडीचं आंग बाहेर आलं, तर ती साथ असते का?

"एकीचं आंग बाहेर आलं की खुराड्यातल्या सगळ्यांना लागण होते, लगेच कापा." आंग म्हणजे अंड्याच्या वाटेचा आतला भाग, जो गुदद्वारातून बाहेर येतो. नाशिकच्या मळ्यांत परसात कोंबड्या पाळणाऱ्यांकडे हा निरोप वर्षानुवर्षं फिरतोय. समज होण्यासारखाच आहे, कारण दोन दिवसांत दुसरीचंही गुदद्वार रक्ताळलेलं दिसतं.

पण तो रोग पसरलेला नसतो, टोचलेलं असतं. लाल, ओलसर मांस दिसलं की कोंबड्या त्यावर तुटून पडतात, आणि ती खोड एकीची पाहून दुसरीला लागते. आंग बाहेर येतं ते वेगळ्याच कारणांनी: तलंग (अजून अंडी न घातलेली तरुण कोंबडी) लवकर अंड्यावर आली, अंडं मोठं, अंगावर चरबी, किंवा कॅल्शियम कमी.

स्वतः पाहा. अंडं घालताना प्रत्येक कोंबडीचं थोडं आंग उलटून बाहेर येतं आणि क्षणात आत जातं. न गेलं तरच बिघाड.

तिला आधी वेगळं करा. आमच्याकडे द्राक्षाचं रिकामं क्रेट उलटं घातलं की काम भागतं. लिटरभर कोमट पाण्यात दोन छोटे चमचे मीठ घालून आंग धुवा, आत अंडं अडकलंय का बघा, मग व्हॅसलीन लावून हळूच आत सारा. हळद-तिखट नको, आग होते. काही दिवस अंधारात ठेवा म्हणजे अंडी थांबतात. पुन्हा बाहेर येऊ शकतं, तेव्हा धीर ठेवावा लागतो. मांस काळं पडलं किंवा फाटलं असेल, तर थेट पशुवैद्यकाकडे.