दात्याची इच्छा आणि गावाची गरज : स्थानिक फाउंडेशनच्या अनुदानांची पार्श्वभूमी

अमेरिकेतील सेंट लुईस शहराचे माजी महापौर ब्रायन मुलान्फी १८५१ मध्ये वारले, तेव्हा त्यांनी आपल्या मिळकतीचा तिसरा हिस्सा एका कामासाठी राखून ठेवला होता. पश्चिमेकडे कायमचे वसायला निघालेले जे गरीब प्रवासी व स्थलांतरित सेंट लुईसला येतील, त्यांना या पैशातून मदत मिळावी, असे मृत्युपत्रात लिहिलेले होते. बैलगाड्यांच्या तांड्यांच्या त्या काळात ही गरज डोळ्यांसमोर दिसत होती. पुढे रेल्वे आली, तांडे संपले आणि मृत्युपत्रातील वर्णनात बसणारा माणूस शोधूनही सापडेना. निधी वाढत गेला, घेणारे मात्र उरले नाहीत. त्याच शहरात इतर गरजू माणसे हजारोंनी होती. परंतु त्यांच्यावर तो खर्च करण्याची मोकळीक विश्वस्तांना नव्हती. न्यायालयाने निधीचा उद्देश सैल करून सर्वसाधारण प्रवाशांच्या मदतीसाठी तो वापरू दिला, तोवर १९३० चे दशक उजाडले होते.

शहरातील लोकांच्या देणग्या एकत्र करून शाळा, दवाखाने, उद्याने, वस्तीसुधारणा यांसाठी अनुदाने देणारी जी स्थानिक फाउंडेशन आज अनेक देशांत आहेत, त्यांचा उगम अशा अडकलेल्या पैशात आहे. ही संस्था दानशूरपणातून जन्मली असे सहसा सांगितले जाते. दानशूर माणसे तिच्या आधीही पुष्कळ होती. दात्याच्या मृत्यूनंतर त्याच्या पैशाचे काय करायचे हे जिवंत माणसांना ठरवता येत नव्हते, आणि ती अडचण सोडवण्यासाठी ही संस्था निघाली.

इंग्रजी कायद्याच्या चर्चेत या अडचणीला ‘मृत हात’ असे नाव होते. इंग्लंडमध्ये आर्थर हॉबहाउस या कायदेपंडितांनी या विषयावर व्याख्याने दिली आणि ती १८८० मध्ये पुस्तकरूपाने आली. शंभर-दोनशे वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाने आजच्या समाजाच्या गरजा ठरवाव्यात हे अन्यायाचे आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. हेच हॉबहाउस १८७२ ते १८७७ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात कायदा सदस्य म्हणून भारतात होते.

मराठी वाचकाला हा प्रश्न परका वाटू नये. सेनापती खंडेराव दाभाडे यांनी तळेगावी सुरू केलेला आणि पुढे पेशव्यांनी पुण्यात चालवलेला श्रावणमासातील दक्षिणेचा प्रघात हा याच जातीचा प्रश्न इंग्रजांपुढे घेऊन आला होता. विद्वान ब्राह्मणांना वाटण्याची ती रक्कम एकदम बंद करणे एल्फिन्स्टन यांना धोक्याचे वाटले. तेव्हा तिच्यातील काही भाग वळवून ६ ऑक्टोबर १८२१ रोजी पुण्याच्या विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा उघडण्यात आली. पुढे १८४९ मध्ये लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख आणि त्यांच्या मताच्या लोकांनी अर्ज केला, की दक्षिणेच्या पैशातून मराठी ग्रंथांना बक्षिसे द्यावीत. सनातनी मंडळींनी त्याला कडाडून विरोध केला. तरीही १८५१ मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झाली, आणि नंतरच्या काळात याच निधीतून दक्षिणा फेलोशिप दिल्या जाऊ लागल्या. रानडे आणि भांडारकर हे त्या फेलोशिपचे मानकरी. जुन्या दानाचा उद्देश बदलला की समाजात किती विद्या उभी राहू शकते, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. मात्र हा बदल शेवटी सरकारच्या हुकमाने झाला. अर्ज करणाऱ्यांना मागणी करता आली, ठरवता आले नाही.

ठरवण्याचा हा अधिकार गावातील एका समितीकडे कायमचा सोपवावा, ही कल्पना फ्रेडरिक गॉफ यांनी अमलात आणली. गॉफ हे ओहायो राज्यातील क्लीव्हलँडचे नामवंत वकील होते आणि १९०८ पासून क्लीव्हलँड ट्रस्ट कंपनी या बँकेचे अध्यक्ष होते. श्रीमंत ग्राहकांची मृत्युपत्रे आणि न्यास सांभाळणे हे बँकेचे रोजचे काम असल्यामुळे, आज शहाणपणाच्या वाटणाऱ्या अटी एका पिढीनंतर पायातल्या बेड्या कशा होतात, हे त्यांना जवळून दिसत होते. २ जानेवारी १९१४ रोजी बँकेच्या संचालक मंडळाने त्यांच्या योजनेचा ठराव मंजूर केला आणि क्लीव्हलँड फाउंडेशन अस्तित्वात आले. शहराच्या भल्यासाठी कोणीही, लहान वा मोठी, रक्कम ठेवावी. मुद्दल बँकेने सांभाळावे. उत्पन्न मात्र एका स्वतंत्र वितरण समितीने वाटावे. आणि दात्याने सांगितलेला उद्देश कालबाह्य झाला, तर तो बदलण्याची मुभा समितीला असावी, असे योजनेचे स्वरूप होते.

या ठरावातील समितीविषयीचे कलम मला संपूर्ण योजनेतील सर्वांत विचारपूर्वक लिहिलेले कलम वाटते. पाच सदस्यांपैकी दोघांची नेमणूक बँकेने करायची होती. उरलेल्या तिघांपैकी एकाची शहराच्या महापौरांनी, एकाची मृत्युपत्रांचे काम पाहणाऱ्या न्यायालयाच्या न्यायाधीशांनी आणि एकाची तेथील संघीय जिल्हा न्यायालयाच्या न्यायाधीशांनी. एकाच धर्मपंथाचे दोनपेक्षा अधिक सदस्य चालणार नव्हते, आणि राजकीय पद भूषवणारा किंवा त्यासाठी प्रयत्न करणारा माणूस अपात्र होता. सदस्य स्त्री असो वा पुरुष, तो शहराचा रहिवासी आणि शहराच्या गरजांचा जाणकार असावा, असेही त्यात स्पष्ट लिहिले होते. पैसे सांभाळणारा एक आणि वाटणारा दुसरा, ही विभागणी आज साधी वाटते. परंतु समिती बँकेच्या मुठीत जाऊ नये म्हणून तिच्यातील बहुमत बँकेबाहेरच्यांनी नेमलेले ठेवणे, आणि तेही एका बँकेच्याच अध्यक्षाने सुचवणे, ही त्या काळात मोठी गोष्ट होती.

पहिली काही वर्षे फाउंडेशनकडे वाटण्याजोगा पैसा जवळजवळ नव्हता, कारण मृत्युपत्रांतून येणारी रक्कम मृत्युपत्र करणारा गेल्यावरच हाती येते. या रिकाम्या काळात गॉफ यांनी शहराची पाहणी करण्याचे काम हाती घेतले. मदतकार्य करणाऱ्या संस्थांची पाहणी आधी झाली. पाठोपाठ १९१५-१६ मध्ये लिओनार्ड एअर्स यांच्या नेतृत्वाखाली सार्वजनिक शाळांची पाहणी झाली, आणि तिचे निष्कर्ष २५ छोट्या खंडांत छापून लोकांपुढे ठेवण्यात आले. करमणुकीच्या व मोकळ्या जागांच्या पाहणीने शहराभोवतीच्या उद्यानसाखळीच्या मागणीला बळ दिले. १९२० मध्ये नगर न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशांचेच नाव एका खुनाच्या प्रकरणात आल्यानंतर पोलीस, वकील आणि न्यायालये यांची पाहणी करण्यात आली. ते काम रॉस्को पाउंड आणि फेलिक्स फ्रँकफर्टर या दोन थोर कायदेपंडितांच्या देखरेखीखाली झाले. या पाहण्यांमधून एक शिस्त रुजली: अनुदान कोणाला द्यायचे हे ठरवण्याआधी गावाला काय हवे आहे ते जाणून घ्यायचे. दारात आलेल्या अर्जांतून निवड करणारी देणगीदार संस्था आणि गावाचा अभ्यास करून मग अर्ज मागवणारी संस्था यांच्यात फार अंतर आहे, आणि आजही बहुतेक संस्था पहिल्या प्रकारातच मोडतात, याचे मला वाईट वाटते.

प्रत्यक्ष अनुदानाची रीत तेव्हापासून फारशी बदललेली नाही. देणग्यांचा कायमनिधी गुंतवला जातो, मुद्दलाला धक्का न लावता त्याचा लहानसा हिस्सा, साधारण चार-पाच टक्के, दरवर्षी खर्चासाठी काढला जातो, आणि स्थानिक संस्थांच्या अर्जांची छाननी होऊन समितीपुढे शिफारशी जातात. मोठी रक्कम हप्त्यांनी दिली जाते आणि पुढच्या हप्त्याआधी खर्चाचा हिशेब व कामाचा अहवाल मागितला जातो. मात्र सगळा निधी एकसारखा मोकळा नसतो. काही दाते कोणतीही अट घालत नाहीत, काही शिक्षण किंवा आरोग्य असे क्षेत्र सांगतात, तर काही एखाद्या ठरावीक संस्थेचेच नाव लिहून देतात. समितीला नवी गरज दिसली की तिच्या हाती उपयोगी पडतो तो पहिल्या प्रकारचा पैसा, आणि तोच सर्वांत कमी मिळतो.

गॉफ यांची योजना झपाट्याने पसरली. १९१५ मध्ये शिकागो आणि बॉस्टन येथे अशा संस्था निघाल्या, आणि १९२१ मध्ये कॅनडात विनिपेगला विल्यम ॲलोवे या बँकमालकाने एक लाख डॉलर देऊन सुरुवात केली. तेथील एक आठवण सांगण्यासारखी आहे. १९२४ मध्ये विनिपेगच्या फाउंडेशनकडे एक निनावी पाकीट आले. त्यात पाच-पाच डॉलरची तीन सोन्याची नाणी होती आणि ‘विधवेची दमडी’ एवढेच लिहिलेले होते. ती १५ डॉलरची देणगी फाउंडेशनने लाखाच्या देणगीइतक्याच मानाने नोंदली. अनेकांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे एकाच पेटीत टाकायचे, हा या संस्थेचा मूळ स्वभाव त्या पाकिटाइतका स्पष्ट दुसऱ्या कशात दिसत नाही.

तो स्वभाव पुढे काहीसा पातळ झाला. १९३१ मध्ये न्यूयॉर्क कम्युनिटी ट्रस्टने दात्याला स्वतःच्या नावाचा निधी ठेवून त्यातील अनुदानांविषयी हयातभर सल्ला देण्याची सोय दिली. १९६९ च्या करकायद्याने एकाच कुटुंबाच्या खासगी फाउंडेशनवर कडक बंधने घातली आणि लोकांकडून व्यापक आधार मिळवणाऱ्या संस्थांना मात्र सवलत राखली, तेव्हा सल्ला देण्याच्या या सोयीकडे श्रीमंतांचा ओढा वाढला. त्यामुळे पैसा आला हे खरे, परंतु मृत हाताऐवजी जिवंत हात समितीच्या मनगटावर आला, हेही तितकेच खरे.

समितीत कोण बसते हा प्रश्नही टळला नाही. जुलै १९६६ मध्ये क्लीव्हलँडच्या हफ या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत दंगल उसळली आणि शहराच्या सुधारणेसाठी पन्नास वर्षे चाललेल्या दानधर्मातून या वस्तीला काय मिळाले, हे विचारणे भाग पडले. १९८० च्या दशकात फाउंडेशनने शहरातील जुन्या नाट्यगृहांचा परिसर वाचवण्यासाठी पैसा घातला. २००८ च्या सुमारास गरीब वस्त्यांतील कामगारांच्याच मालकीच्या धुलाई आणि इतर सहकारी उद्योगांना हात दिला. आणि २०२३ मध्ये आपले कार्यालय त्या नाट्यगृहांच्या परिसरातून उठवून हफला लागून बांधलेल्या नव्या इमारतीत नेले.

महाराष्ट्रात वाट निराळी झाली. येथे सार्वजनिक न्यासांवर देखरेख ठेवण्यासाठी १९५० चा मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा झाला. धर्मादाय आयुक्तांचे पद, नोंदणी, हिशेबतपासणी हे सर्व त्यातूनच आले. मूळ उद्देश पार पाडणे अशक्य झाले, तर न्यायालयाकडून तो बदलून घेण्याची तरतूदही त्याच्या ५५ व्या आणि ५६ व्या कलमांत होती. रतिलाल पानाचंद गांधी यांच्या खटल्यात १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने धार्मिक न्यासांच्या बाबतीत तिला मर्यादा घातली: मूळ धार्मिक उद्देश अजून पार पाडता येत असताना त्याचा पैसा दुसरीकडे वळवणे हे धर्मस्वातंत्र्यावरील अतिक्रमण ठरेल, असा तो निकाल होता. धर्मश्रद्धेने दिलेल्या पैशाबाबत ही सावधगिरी मला योग्यच वाटते. परंतु तिचा परिणाम असा झाला, की आपल्याकडे उद्देशबदल ही आयुक्त आणि न्यायालय यांच्या दारची बाब राहिली. गावकऱ्यांच्या समितीची ती कधी झाली नाही.

गॉफ यांच्या धर्तीवरची संस्था मुंबईत उभी राहायला १९९० चे दशक यावे लागले. बॉम्बे कम्युनिटी पब्लिक ट्रस्ट ही भारतातील या प्रकारची पहिली संस्था मानली जाते. मुंबईकरांकडून देणग्या घेऊन मुंबईतच काम करणाऱ्या संस्थांना अनुदाने देणे, एवढाच तिचा विस्तार ठेवलेला आहे. आणि नोंदणी, हिशेब व उद्देशबदल यांबाबत इतर सार्वजनिक न्यासांप्रमाणे तिलाही १९५० चाच कायदा लागू होतो.