फळमाशी आणि मेंदूचा अभ्यास

पिकून काळ्या पडलेल्या केळ्यांभोवती घिरट्या घालणारे, लाल डोळ्यांचे, जेमतेम तीन मिलिमीटरचे चिलट म्हणजे ड्रॉसोफिला मेलानोगॅस्टर. जीवशास्त्राच्या मराठी पुस्तकांत ती ‘फळमाशी’ असते. स्मृती, झोप, गंधज्ञान, दिशेची जाण यांमागे मेंदूतल्या नेमक्या कोणत्या पेशी आणि कोणती जनुके आहेत, हे शोधण्यासाठी गेली साठेक वर्षे ही माशी वापरली जात आहे.

नावाचा घोळ आधी मिटवलेला बरा. कोकणातला आंबा बागायतदार ज्या फळमाशीसाठी झाडाला कामगंध सापळे टांगतो, ती बॅक्ट्रोसेरा. ती चांगल्या फळाच्या सालीखाली अंडी घालते आणि अळ्या आतला गर नासवतात. ड्रॉसोफिलाचे कुळच वेगळे. तिला रस असतो तो आंबू लागलेल्या फळावरच्या यीस्टमध्ये. धडधाकट फळाला ती सहसा काही करत नाही.

प्रयोगशाळेत ही माशी सांभाळायला फार काही लागत नाही. मक्याचे पीठ, साखर, यीस्ट आणि अगर शिजवून बाटलीत ओतायचे, वर कापसाचा बोळा. 25 अंश सेल्सियस तापमानात अंड्यापासून दहा दिवसांत माशी तयार होते. कार्बन डायऑक्साइडने गुंगवलेल्या माश्या सूक्ष्मदर्शकाखाली पसरून बारीक कुंचल्याने नर आणि मादी वेगळे करणे, हे नव्या विद्यार्थ्याचे पहिले काम. नराच्या पोटाचे टोक काळे असते, आणि ‘मेलानोगॅस्टर’चा अर्थही ‘काळ्या पोटाची’ असाच आहे. थॉमस हंट मॉर्गन यांनी 1910 मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पांढऱ्या डोळ्यांचा नर हेरला, तेव्हापासून ही माशी आनुवंशिकीची झाली. मेंदूविज्ञानाकडे ती बरीच उशिरा आली.

तिला तिकडे आणले सीमोर बेंझर यांनी. ते मूळचे भौतिकशास्त्रज्ञ. एकेक जनुक बिघडवत गेलो, तर वर्तनाचे सुटे भाग हाती लागतील का, हा त्यांचा प्रश्न होता. वर्तनासारखी गुंतागुंतीची गोष्ट एका जनुकाने हलेल, हे तेव्हा अनेकांना पटत नव्हते. 1971 मध्ये रोनाल्ड कोनोप्का आणि बेंझर यांनी तीन प्रकारच्या माश्या दाखवल्या: एकीचा दिवस 19 तासांचा, दुसरीचा 28 तासांचा, तिसरीला दिवसरात्रीचा ठेकाच नाही. तिन्ही बिघाड एकाच जनुकात निघाले. त्याचे नाव ‘पीरियड’. या जैविक घड्याळाची यंत्रणा उलगडल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना 2017 चे नोबेल मिळाले. कोनोप्का तोवर हयात नव्हते. बेंझरही नव्हते.

माशीला काही शिकवता येते, हे दाखवणारा प्रयोग दिसायला साधा आहे. शंभरेक माश्या एका नळीत घ्यायच्या. मिनिटभर एक वास सोडायचा आणि नळीतल्या तारांमधून विजेचे झटके द्यायचे. मग मिनिटभर दुसरा वास, झटके नाहीत. नंतर माश्यांना अशा जागी आणायचे, की एका बाजूने एक वास येईल आणि दुसऱ्या बाजूने दुसरा. हे सारे मंद तांबड्या उजेडात चालते, कारण तांबडा रंग माशीला जवळपास दिसतच नाही आणि उजेडाकडे धावण्याची तिची ओढ मध्ये येत नाही. दोन मिनिटांनी दोन्हीकडच्या माश्या मोजायच्या. बहुतेक जणी झटक्याच्या वासापासून लांब गेलेल्या असतात.

ज्यांना हे जमत नाही अशा माश्यांचा पहिला वाण 1976 मध्ये जाहीर झाला, ‘डन्स’, म्हणजे मठ्ठ. पुढच्यांना तर रुटाबागा, कॅबेज, टर्निप अशी भाजीबाजारातली नावे मिळाली. गंमत अशी, की रुटाबागाच्या पेशींत चक्रीय एएमपी हा निरोप्या रेणू पुरेसा तयार होत नाही, तर डन्समध्ये तो मोडला जात नाही. एकीकडे नळ बंद, दुसरीकडे मोरी तुंबलेली, आणि आठवण दोघींचीही कच्ची. समुद्री गोगलगायीवर काम करणारे एरिक कँडेल वेगळ्या वाटेने याच रेणूपर्यंत पोचले होते, म्हणून ही केवळ माशीची खोड नव्हे हे पटले. ही आठवण साठते ‘मशरूम बॉडी’ नावाच्या भागात. अळंबीच्या आकाराच्या या भागात मेंदूच्या प्रत्येक बाजूला सुमारे 2,000 पेशी असतात. झटक्याची खबर तिथे डोपामिन हे निरोप्या रसायन स्रवणाऱ्या पेशी आणतात. त्याच पेशी प्रकाशाने चेतवल्या, तर झटका न देताही माशी तो वास टाळू लागते.

या इतिहासात मुंबईचा वाटा मोठा आहे आणि त्याची आठवण क्वचितच काढली जाते. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दीकी यांनी 1962 मध्ये रेणवीय जीवशास्त्राचा विभाग उभारला. तापमान वाढले की लुळ्या पडणाऱ्या आणि गार झाल्यावर पुन्हा उठणाऱ्या माश्यांवर त्यांनी बेंझर यांच्यासोबत केलेले काम 1976 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानंतर ते गंधाकडे वळले. केनियात जन्मलेल्या, मूळच्या गोव्याच्या कुटुंबातल्या व्हेरॉनिका रॉड्रिग्ज त्यांच्याकडे आल्या. दोघांनी मिळून विशिष्ट वासच न येणाऱ्या माश्या वेगळ्या काढल्या. गंधग्राही रेणूंची जनुके सापडण्याच्या कितीतरी आधीची, 1978 ची ही गोष्ट. आज पुण्याच्या आयसरमध्येही (भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था) या माशीवर काम चालते.

फळमाशी ‘सोपी’ म्हणून वापरतात, असे लिहिले जाते. ते अर्धेच खरे आहे. खरी सोय ही, की एका माशीत जी पेशी जिथे असते तीच पेशी दुसरीतही तिथेच सापडते, आणि तिला नावाने गाठता येते. आंद्रिया ब्रँड आणि नॉर्बर्ट पेरिमन यांनी 1993 मध्ये यीस्टमधल्या गॅल-4 या प्रथिनाचा बटणासारखा वापर करून दाखवला. त्यामुळे हवे ते जनुक हव्या त्याच पेशींत चालू करता येऊ लागले. ‘शिबिरे’ (जपानीत बधीरपणा) या जनुकाचे उष्णतेने बिघडणारे रूप तिथे घातले, की खोली तीसेक अंशांवर नेताच तेवढ्या पेशी गप्प होतात आणि गार होताच पुन्हा बोलू लागतात. शिकवताना गप्प, आठवताना चालू, किंवा उलट. उंदरात हेच करायला जास्त वेळ आणि पैसा लागतो.

ऑक्टोबर 2024 मध्ये एका प्रौढ मादीच्या मेंदूचा संपूर्ण जोडणी-नकाशा प्रसिद्ध झाला: 1,39,255 चेतापेशी आणि पाच कोटींहून अधिक चेतासंधी, म्हणजे दोन चेतापेशींमधले जोड. मेंदूचे हजारो पातळ काप इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने टिपून संगणकाने पेशी जोडल्या, आणि संगणक चुकला तिथे जगभरच्या माणसांनी हाताने दुरुस्त्या केल्या. काम अफाट आहे, पण त्यावरून मेंदू ‘कळला’ म्हणणे घाईचे. 302 चेतापेशींच्या एका सूत्रकृमीचा असा नकाशा 1986 पासून हाती आहे, तरी त्याचे सगळे वागणे अजून त्यातून वाचता येत नाही. तार कुठून कुठे गेली आहे हे नकाशा दाखवतो. त्या क्षणी पेशीवर कोणत्या रसायनाचा अंमल आहे, हे दाखवत नाही. उपाशी माशी व्हिनेगरच्या वासाकडे जितक्या ओढीने जाते, तितकी पोट भरलेली जात नाही, आणि तारा दोघींच्या डोक्यात त्याच असतात.