इलेक्ट्रोॲक्युपंक्चर आणि डिप्रेशन

इलेक्ट्रोॲक्युपंक्चर म्हणजे ॲक्युपंक्चरच्याच सुया, फक्त टोचून झाल्यावर त्यांना छोट्या क्लिपा लावून बारीकसा करंट सोडतात. लोक याला शॉक ट्रीटमेंट समजतात पण तसं नाहीये, शॉकमध्ये भूल देऊन मेंदूत फिट आणतात, इथे माणूस टक्क जागा असतो, सुईपाशी टकटक होते नाहीतर मुंग्या येतात, बस. डिप्रेशनसाठी बहुतेक वेळा दोन जागा धरतात, माथ्यावरची बायहुई आणि भुवयांच्या मधली यिनतांग, आपण टिकली लावतो तिथेच.

हे सगळं काम मुख्यतः चीनमधलं. बीजिंगचे शास्त्रज्ञ हान जिशेंग यांनी दुखण्यावर काम करताना दाखवलं की २ हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला दोन ठोके दिले की, मेंदूत आणि मज्जारज्जूत एन्केफेलिन, एंडॉर्फिन ही शरीराची स्वतःची वेदनाशामकं सुटतात आणि १०० हर्ट्झला मज्जारज्जूत त्याच जातीचं डायनॉर्फिन, म्हणजे करंटचा वेग बदलला की रसायनही बदलतं.

डिप्रेशनचं कोडं मात्र जास्त करून उंदरांवरच सोडवलंय. उंदराला काही आठवडे रोज नवा छळ, कधी भुसा ओला, कधी पिंजरा तिरका, कधी रात्रभर लाईट चालू. मग दोन बाटल्या ठेवायच्या, एक साधं पाणी, एक साखरेचं. धडधाकट उंदीर साखरेवर तुटून पडतो, छळलेल्याला दोन्ही सारखंच, कशात गोडीच उरत नाही. सुया-करंट दिलेले उंदीर बऱ्याच प्रयोगांत परत साखरेकडे वळले, आणि त्यांच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या आठवणी-भावनांशी जोडलेल्या भागामध्ये पेशींना पोसणारं बीडीएनएफ प्रोटीन वाढलेलं, नवीन पेशी तयार होताना, सूज आणणाऱ्या मायक्रोग्लिया पेशी शांत आणि ताणाचं हार्मोन उतरलेलं दिसलं. आता यातलं कारण कुठलं आणि परिणाम कुठला हे वेगळं काढणं अवघड, त्यात सुया टोचायला उंदराला दाबून धरावं लागतं तोही एक ताणच की!

माणसांचं प्रकरण जरा ढिलं आहे. कॉक्रेन या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१८ च्या आढाव्यात सगळ्या प्रकारच्या ॲक्युपंक्चरच्या ६४ चाचण्या, सात हजारांवर लोक, त्रास थोडा कमी झालेला दिसतो पण पुराव्याचा दर्जा कमी असंच त्यांनी म्हटलंय. तुलनेसाठी गोळी खोटी देता येते, खोटी सुई देणं कठीण, मशीन नुसतं जोडून करंट सोडलाच नाही तर मुंग्या येत नाहीत आणि पेशंटला शंका येऊ शकते.

पेसमेकर असेल तर हे करू नये, फिट येणाऱ्यांनी आणि गरोदर बायकांनी आधी डॉक्टरांना विचारावं, आणि चालू गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत.