सलाईनची बाटली आणि सिस्टरचा वेळ

बीड, परभणी, हिंगोली, कुठल्याही दवाखान्यात जा, "सिस्टर, एखादी बाटली लावा की, लई अशक्तपणा वाटायलाय" हे ऐकू येतंच, आणि नाही लावली तर नातेवाईक म्हणतात इथं इलाजच करत नाहीत. आता त्या बाटलीत असतं काय? 5 टक्के डेक्स्ट्रोज, म्हणजे ग्लुकोजचं पाणी, त्याच्या 500 मिलीत 25 ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे साखरेचे पाचेक चमचे, फार तर अर्ध्या भाकरीएवढी ताकद त्यात. नॉर्मल सलाईन असेल तर साडेचार ग्रॅम मीठ आणि बाकी पाणी. उलट्या थांबेनात, बीपी पडलाय, तोंडानं काही जाईना, अशा वेळी हीच बाटली जीव वाचवते. पण खाटेवर बसून चहा-बिस्कीट खाणाऱ्या माणसाला ती कशाला?

बरं, फुकट तर काहीच नसतं. सिस्टरनी शीर शोधायची, सुई टोचायची, पट्टी लावायची, थेंब मोजायचे, हात सुजला की काढून दुसऱ्या हाताला लावायची, आणि तिकडं पलीकडच्या खाटेवरच्या आजींना कूस बदलून द्यायला कुणी नाही, पाठीला जखम व्हायची वेळ आली. ज्याचा पेशंटला फायदा नाही किंवा असून नसल्यासारखा, अशी सेवा कमी करा, हा विचार आता नर्सिंगमध्ये जगभर चाललाय.

हाताला लावलेली इंट्राकॅथच घ्या, म्हणजे सलाईनसाठी शिरेत ठेवलेली बारीक नळी. दर तीन दिवसांनी ती बदलायचीच असा जुना नियम. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये 3283 पेशंटवर तपासून बघितलं, निम्म्यांची ठरलेल्या दिवशी बदलली, निम्म्यांची फक्त गरज पडली तरच. 2012 साली निकाल आला, शीर सुजण्याचं प्रमाण दोन्हीकडं 7 टक्केच! म्हणजे नुसत्या तारखेसाठी माणसाला परत टोचायचं कारण नाही. मात्र लाल झालं, दुखायलं, सुजलं तर लगेच काढायची, आणि त्यासाठी रोज नीट बघावं लागतं, हे सोडून चालत नाही.

लघवीच्या नळीचं उलटं आहे, ती काढायचीच आठवण राहत नाही. ऑपरेशनला घातली, पेशंट चालायला लागला तरी पिशवी लटकलेलीच. नळी राहिली की दर दिवशी लघवीत जंतू शिरण्याची शक्यता 3 ते 7 टक्के. "हिला अजून नळी लागते का?" एवढी आठवण रोज करून दिली किंवा ठरलेल्या दिवशी नळी काढूनच टाकायचा नियम ठेवला, की नळीमुळं होणारं इन्फेक्शन जवळपास निम्म्यावर येतं, असं 2010 च्या एका मोठ्या आढाव्यात दिसलं. खर्च शून्य.

अमेरिकेतल्या नर्सिंग अकादमीनं 2014 मध्ये 'हे करण्याआधी विचार करा' अशी यादी काढली, त्यात नळी आहेच, शिवाय म्हाताऱ्या पेशंटला नुसतं खाटेवर पडू देऊ नका, आणि प्रकृतीला गरज नसेल तर रुटीन कामासाठी झोपलेल्याला उठवू नका, हेही आहे. आपल्याकडं पहाटे पाचला लाईट लावून सगळ्या वॉर्डाचा ताप-नाडी बघतात, का तर ड्युटी बदलायच्या आत पेपर भरायचे असतात!

आता सगळा दोष सिस्टरवर टाकू नका. ऑर्डर डॉक्टरची, आग्रह नातेवाईकांचा, आणि काही केलं नाही म्हणून ओरडा खायचा सिस्टरनी. ऑपरेशनच्या आधीचा उपासच बघा. एरवी तब्येत बरी असेल तर ऑपरेशनच्या दोन तास आधीपर्यंत साधं पाणी, बिनदुधाचा चहा चालतो असं भूलतज्ज्ञांच्या गाइडलाइन सांगतात. पण नंबर सकाळी दहाला लागेल का दुपारी दोनला हे कुणी सांगत नाही, मग सिस्टर रात्री बारापासूनच सगळ्यांचं पाणी बंद करते, मे महिन्यातसुद्धा. ऑपरेशन थिएटरमधून सकाळी नुसती नंबरांची यादी वॉर्डात आली तरी दुपारच्या पेशंटला भूलतज्ज्ञांना विचारून दोन घोट पाणी देता येईल.