पावणेदहाची भैरवी

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात जळगावच्या छत्रपती संभाजीराजे नाट्यगृहात बालगंधर्व संगीत महोत्सव भरतो. वसंतराव चांदोरकर स्मृती प्रतिष्ठान दोन दशकांहून जास्त काळ तो भरवतंय. मध्यंतरात चहाचा कप हातात आला की जुनी मंडळी आपापल्या लक्षात राहिलेल्या मैफली काढतात. माझ्या एक लक्षात आलंय : साठी उलटलेल्या माणसाची आठवण बहुतेक वेळा ‘बाहेर आलो तर झुंजुमुंजू झालेलं’ या वाक्याला येऊन थांबते. चाळिशीच्या आतल्याची आठवण पार्किंगमधून गाडी काढण्यापाशी संपते. मधल्या काळात खानदेशातल्या गाण्याची रात्र कुठे गेली, तिची ही हकिगत.

महोत्सवाला बालगंधर्वांचं नाव उगाच दिलेलं नाही. नारायण श्रीपाद राजहंस यांचा जन्म 1888चा, सांगली जिल्ह्यातल्या नागठाण्याचा. पण गाण्याचे सुरुवातीचे धडे त्यांनी गिरवले ते जळगावात, मेहबूब खानांकडे. पुढे 1905 साली ते किर्लोस्कर नाटक मंडळीत गेले आणि 1913 साली त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली.

नाटक कंपन्यांना खानदेश परवडायचा, त्याला दोन कारणं. एक रेल्वे. मुंबईहून निघालेली जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे 1860च्या दशकात भुसावळला पोचली, आणि विसाव्या शतकाच्या तोंडावर सुरतेकडून ताप्ती व्हॅलीची लाइन अमळनेरपर्यंत आली. पडदे, पेट्या, झगे, आचारी असा सगळा बारदाना वॅगनमध्ये टाकून कंपनी गावोगाव उतरू शकत होती. दुसरं कारण कापूस. जिनिंग, मिल, आडत यांच्यामुळे पैसा खेळता होता आणि हंगाम उरकल्यावर तिकिटाला हात सैल सुटायचा. संगीत नाटक रात्री नऊ-दहाला सुरू व्हायचं आणि वन्समोअर घेत घेत तीन-चारपर्यंत चालायचं. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. परगावाहून बैलगाडीने आलेल्या माणसाला मध्यरात्री नाटक सुटलं असतं तर उलट अडचणच झाली असती. रात्री रस्ता धरायचा कसा? त्यापेक्षा उजाडेपर्यंत बसलेलं बरं.

हे रात्रभराचं जागरण नाटकवाल्यांनी इथे आणलेलं नाही, ते आधीपासूनच होतं. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई, ही खानदेशची देवी, घरोघरी बसते. नैवेद्याचे रोट होतात, आणि बाया रात्रभर गाणी म्हणतात. सोमवारी विसर्जन. माझ्या आजीचा आवाज त्या दिवशी बसलेला असायचा आणि तिला त्याचा अभिमानच वाटायचा. आवाज शाबूत राहिला म्हणजे रात्री झोप काढली, असा त्याचा सरळ अर्थ. पुरुषांची वहीगायनाची, म्हणजे इथल्या लोकगीतांची, मंडळं डफाच्या तालावर रात्र काढत. सारंगखेड्याची दत्तजयंतीची यात्रा घोड्यांसाठी देशभर माहीत आहे, पण आमच्या घरातल्या थोरांच्या तोंडी घोडे कमी आणि तमाशाचे फड जास्त. गण, गौळण, बतावणी होईपर्यंत मध्यरात्र व्हायची, मग वग, म्हणजे तमाशातलं नाट्य, रंगायला लागायचा. वगाची गोष्टच अशी लांबरुंद की तिला पहाट लागायचीच. डिसेंबरातली तापीकाठची थंडी, अंगावर घोंगडी, बाजूला शेकोटी आणि तमाशाचं पाल उजळवणारे दिवे. यातलं मी अखेरचं थोडंसंच पाहिलं आहे, म्हणून फार रंगवून सांगत नाही.

शास्त्रीय बैठकीला तर रात्रीशिवाय भागतच नाही. रागांना प्रहर असतात. संध्याकाळी पूरिया, यमन, नंतर बागेश्री, मध्यरात्रीला मालकंस, दरबारी, पहाटेला ललत, मग भैरव. मैफल रात्रभर चालली की हा सगळा उतार एका बैठकीत ऐकायला मिळतो. तीन तासांत बसवली की गायकाला पहिल्या दोन प्रहरांतच घुटमळावं लागतं. भैरवी तेवढी शेवटाला गायची रूढी असल्यामुळे कुठल्याही वेळी चालते, म्हणून ती आता रात्री पावणेदहाला ऐकू येते. ललतचं तसं करता येत नाही. दिवाळी पहाट आणि पाडवा पहाट आल्या नसत्या तर आमच्याकडच्या नव्या श्रोत्याच्या कानावर तो प्रत्यक्ष बैठकीत पडलाच नसता. बागेत खुर्च्या, उटण्याचा वास, चहा आणि भल्या पहाटे सुरू होणारी मैफल : रात्रीचं शेपूट कापून सकाळी लावल्यासारखं आहे हे, पण लागलंय चांगलं.

आता रात्री दहाच्या मर्यादेचं. लोक सरसकट म्हणतात की कोर्टाने मैफली बंद केल्या. तसं नाही. केंद्राचे ध्वनिप्रदूषण नियम 2000 सालचे. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक नको, हे त्यांतच होतं. 2002 साली त्यांत सूट आली : सांस्कृतिक किंवा धार्मिक कार्यक्रमांसाठी राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त 15 दिवस रात्री बारापर्यंत परवानगी देऊ शकतं. जुलै 2005मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दहाची मर्यादा ठामपणे लागू केली आणि पोलिस खरोखर घड्याळ बघू लागले. ते 15 दिवस गणपती, नवरात्र, जयंत्या यांतच बरेचसे खपतात. गाण्याच्या बैठकीचा नंबर लागायचा कधी? तमाशावाल्यांना याचा फटका सगळ्यांत जास्त बसला, कारण त्यांचा खेळ सुरूच मुळी जेवणं आटोपल्यावर होतो. वग आखडला, काही फडांत तो नावापुरता उरला आणि त्याच्या जागी गाण्यांची रांग आली.

पण बंदिस्त सभागृहाला हा नियम तसा लागूच नाही. दारं लावून आत पहाटेपर्यंत गा, कायदा आड येत नाही. तरी कुणी गात नाही. सभागृहाचं भाडं सत्रावर असतं, पहारेकऱ्याला घरी जायचं असतं, चोपड्याची नाहीतर पाचोऱ्याची शेवटची एसटी निघून जाते आणि सकाळी मुलांची शाळा असते. त्याच्याही आधी घरोघरी टीव्ही आला, गावोगाव व्हिडिओ आला. 2005 उजाडलं तेव्हा रात्र अर्धी संपलेलीच होती. नियमाने तिला तारीख दिली, एवढंच. आणि खरं सांगायचं तर लग्नसराईत डीजेच्या भिंतीशेजारी ज्याचं घर आहे, त्याला हा नियम वाईट असं कसं म्हणायला सांगू? दोष असलाच तर एवढाच की तंबोऱ्याला आणि डीजेला एकच घड्याळ लावलं गेलं.

काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी, शाळेच्या पटांगणात, गाणं ऐकत होतो. उशिरा सुरू झालेलं. बाई बागेश्रीतली द्रुत बंदिश गात होत्या आणि मंचाच्या कडेला एक हवालदार मनगटावर बोट ठेवून उभा होता. दहा झाले. साउंडवाल्याने एकेक बटण खाली ओढलं आणि आवाज असा लहान झाला की कुणीतरी दार लोटून घेतलंय असं वाटलं. पुढच्या दोन रांगांना ऐकू येत होतं, मागच्यांना फक्त हात हलताना दिसत होते. बाई थांबल्या नाहीत. माझ्या शेजारचे काका उठले. मला वाटलं, आता म्हणतील, ‘दहा वाजनात, चाला आते घर.’ ते खुर्ची उचलून पुढे गेले. त्यांच्यामागे सगळेच गेले. खुर्च्या मग नुसत्या आड येऊ लागल्या, तेव्हा लोक सतरंजीवर मंचाला टेकून बसले. तबल्याच्या चाटीचा कोरडा आवाज, तंबोऱ्याच्या जव्हारीची गुणगुण आणि तान घेण्याआधी बाईंनी घेतलेला श्वास, हे मी एरवी स्पीकरमधून कधी ऐकलं नव्हतं. भैरवी पंधराएक मिनिटं चालली. हवालदार चहाच्या टपरीकडे तोंड करून उभा राहिला. नियमाचं बोट धरायचं तर वाद्यंही उघड्यावर चालत नाहीत, पण त्याने ते काढलं नाही.

कर्णे येण्याआधी सगळीच गाणी अशी ऐकली जायची. त्या काळात पल्लेदार आवाजाला किंमत होती ती यामुळे.

खानदेशात पुरी रात्र एका ठिकाणी मात्र अजूनही शाबूत आहे : सातपुड्यात, नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यात, काठीच्या राजवाडी होळीला. पाड्यापाड्यांवरून जथे चालत येतात, कमरेला घुंगरं, डोक्याला मोरपिसांचे टोप बांधलेले बुध्ये, म्हणजे होळीचा नवस केलेले नाचणारे, आणि दोन माणसांनी उचलावेत असे ढोल. तिथे मंच नाही, म्हणून पहिली रांगही नाही. ढोल एका जथ्याकडून दुसऱ्याकडे सरकतो, फेर मोडतो, पुन्हा धरतो. होळी पेटते ती पहाटे. तोवर कुणी घरी जात नाही.