हायड्रो टेस्ट आणि न्यूमॅटिक टेस्ट : काटा सारखा, मार वेगळा

गॅस लाइनच्या साइटवर पाइप दाब सोसतो का, गळतो का हे तपासताना "टेस्टिंग चालू आहे, लांब राहा" एवढंच सांगतात. पण आत पाणी आहे (हायड्रो टेस्ट) का हवा (न्यूमॅटिक टेस्ट), हे कोणी विचारत नाही, कारण गेजचा काटा दोन्हीकडे 100 केजीवरच (म्हणजे दर चौरस सेंटीमीटरवर 100 किलो दाब) दिसतो ना.

पाणी दाबलं तरी जवळपास दबत नाही, म्हणून पाइप फाटला तर थोडंसं पाणी उडतं आणि प्रेशर धपकन शून्य. हवा किंवा नायट्रोजन म्हणजे दाबून ठेवलेली स्प्रिंग. 12 इंची पाइपचा 14 मीटरचा तुकडा घ्या, आत साधारण 1 घनमीटर जागा. 100 केजीला पाण्यात जेमतेम 20-25 किलोज्यूल साठतात, हवेत 18 हजारांच्या आसपास, म्हणजे जवळजवळ 4 किलो टीएनटी स्फोटक!! म्हणूनच एएसएमई बी 31.3 या पाइपिंगच्या अमेरिकन कोडमध्ये हायड्रोला डिझाइन प्रेशरच्या (लाइन ज्या दाबासाठी बनवली त्याच्या) किमान दीडपट नेतात आणि न्यूमॅटिकला किमान 1.1 पटच.

आता "फक्त 6 केजी तर आहे" म्हणणाऱ्यांसाठी. त्याच पाइपच्या एन्ड कॅपवर (तोंड बंद करणाऱ्या झाकणावर) 6 केजीला चार टनांच्या वर लोड येतो. पहिला धक्का पाण्याचा असो की हवेचा, सारखाच, पण पाण्याचा जोर कॅप जरा सरकली की संपतो आणि हवा मात्र कॅपला मागून ढकलतच राहते, म्हणून कॅप गोळ्यासारखी सुटते आणि समोर बोल्ट आवळत बसलेला माणूस सापडतो. प्रेशरखाली बोल्ट आवळायचाच नसतो, पण लीक दिसलं की हात आपोआप पान्याकडे जातो.

हायड्रो अगदी निर्धोक असंही नाही हं. बारीक भोकातून येणारी धार कातडीतून आत घुसते, बाहेर टिकलीएवढी खूण दिसते, माणूस रुमाल बांधून कामाला लागतो आणि आत बोट सडायला लागतं. अशा वेळी ड्रेसिंग करून भागत नाही, थेट सर्जन गाठायचा.

आणि खरी गोची वेगळीच आहे: कागदावर हायड्रो लिहिलेलं असतं पण लाइनच्या उंच भागात हवा अडकलेली असते, मग तेवढी न्यूमॅटिक टेस्टच झाली की. पाणी भरताना वरचा व्हेंट (हवा बाहेर सोडायचं तोंड) उघडा ठेवून बघत उभं राहायचं. पाणी थुंकत थुंकत येतंय तोवर आत हवा आहे, सलग धार लागली की मगच व्हेंट बंद.